पूल बदलताना ओढा कसा जगवायचा?

जुना पूल कधी ना कधी बदलावाच लागतो. खांबांच्या पायाखालची माती वाहून जाते, सळ्या गंजतात, वाढलेली वाहतूक पुलाला पेलवेनाशी होते. नव्या पुलाचा आराखडा करताना अभियंता वरून जाणारे वजन, पुराची पातळी, खालच्या खडकाची खोली आणि खर्च यांचा हिशेब मांडतो. पण त्याच जागी, त्याच पाण्यात आणखी एक वस्ती नांदत असते. गोट्यांच्या फटींत अंडी असतात, काठावरच्या मुळांखाली पिले लपलेली असतात, वाळूत शिंपले रुतलेले असतात. पूल पाडण्याच्या आणि बांधण्याच्या काही आठवड्यांत ही वस्ती पार नाहीशी होऊ शकते. काम नीट आखले, तर तोच ओढा पूर्वीपेक्षा अधिक जिवंतही होऊ शकतो.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात हे काम आज मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिथे शेकडो जुन्या मोऱ्या आणि पूल काढून त्यांच्या जागी माशांना मोकळी वाट देणारे पूल उभे राहत आहेत. हे घडवून आणले ते तिथल्या मूळ रहिवासी जमातींनी.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा शब्द आणि न्यायालय

१८५४ आणि १८५५ मध्ये या प्रदेशातल्या जमातींनी अमेरिकी सरकारशी करार केले आणि आपली बहुतेक जमीन सोडून दिली. मात्र परंपरेने जिथे मासेमारी चालत आली होती, तिथला मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढे हा हक्क पायदळी तुडवला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की पकडता येण्याजोग्या माशांच्या निम्म्या वाट्यापर्यंत या जमातींचा अधिकार आहे.

पण ओढ्यात मासाच उरला नाही, तर निम्म्या वाट्याचा उपयोग काय? २००१ मध्ये एकवीस जमाती हाच प्रश्न घेऊन पुन्हा न्यायालयात गेल्या. राज्याच्या रस्त्यांखालच्या मोऱ्यांमुळे सॅमन माशांना वरच्या ओढ्यांत जाता येत नाही, म्हणून करार मोडला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. २००७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. २०१३ मध्ये न्यायालयाने मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एक न्यायमूर्ती खटल्यातून बाजूला झाल्याने २०१८ मध्ये तिथे मते चार विरुद्ध चार अशी पडली आणि खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला. राज्याच्या मोऱ्यांनी अडवलेल्या अधिवासापैकी ९० टक्के अधिवास २०३० पर्यंत माशांना खुला करण्याचे बंधन त्यातून राज्यावर आले.

मोरी माशाला कशी अडवते

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटून ती झाकते. गोट्यांच्या फटींतून वाहणारे थंड, प्राणवायूयुक्त पाणी त्या अंड्यांना जगवते. पिले बाहेर पडल्यावर काही जातींची पिले लवकरच समुद्राकडे निघतात. कोहो जातीची पिले मात्र वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ओढ्यातच वाढतात. त्यामुळे ओढा हा माशांचा येण्या-जाण्याचा मार्ग असतो, तसेच त्यांचे बाळपणीचे घरही असते.

आता या ओढ्यावरून रस्ता जातो आणि खाली एक अरुंद पाइप टाकला जातो. पूर्वी पंधरा फूट रुंदीत पसरून वाहणारे पाणी चार फुटांच्या पाइपात कोंबले जाते आणि त्याचा वेग वाढतो. आतला गुळगुळीत तळ माशाला थांबायला आडोसा देत नाही. पाइपातून जोराने बाहेर पडणारे पाणी खालचा तळ उकरत राहते आणि काही वर्षांत पाइपाचे तोंड हवेत लटकू लागते. मोठा मासा उडी मारून आत शिरेलही, पण बोटाएवढ्या पिलाला ते शक्य नसते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले, की पाइपात पाण्याचा नुसता पातळ थर उरतो आणि माशाचे अंगही त्यात बुडत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने मोरी आपले काम चोख करत असते.

कामाचे दिवस कोण ठरवते

ओढ्याच्या पात्रात काम करायचे असेल, तर वॉशिंग्टनमध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची परवानगी लागते. हा कायदा १९४३ पासून अस्तित्वात आहे. परवानगीत सर्वांत महत्त्वाची अट असते ती तारखांची. ओढ्यात कोणत्या जाती आहेत, त्या कधी अंडी घालतात, पिले केव्हा बाहेर पडतात, हे पाहून पात्रात उतरण्याचा काळ ठरतो. तिथल्या प्युजेट साउंड या खाडीच्या परिसरातल्या बहुतेक ओढ्यांसाठी हा काळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण जुलै ते सप्टेंबर या दरम्यान येतो. मागच्या हंगामातली पिले तोवर गोट्यांतून बाहेर आलेली असतात, शरद ऋतूतले सॅमन समुद्रातून अजून परतलेले नसतात आणि ओढ्याला पाणीही कमी असते.

ठेकेदाराला मिळणारा वेळ जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्यामुळे काठावरचे काम, वाहतुकीचा पर्यायी मार्ग, साहित्याची जमवाजमव, कारखान्यात ओतून आणायचे काँक्रीटचे भाग, असे सारे काही आधी तयार ठेवावे लागते. पात्रातले काम हाती घेतले, की ते त्या तारखांच्या आतच संपवायचे.

मासे बाहेर काढणे

ओढ्यात पाणी कमी असले, तरी तो रिकामा नसतो. कोहो आणि स्टीलहेड या जातींची पिले तिथे असतातच. म्हणून यंत्र पात्रात उतरण्याआधी जीवशास्त्रज्ञ उतरतात. कामाच्या जागेच्या वर आणि खाली बारीक जाळ्या लावून तो टप्पा बंद केला जातो. त्याआधी जाळीने हळूहळू हाकत शक्य तेवढे मासे त्या टप्प्याबाहेर नेले जातात. हाताळणी जितकी कमी, तितका माशावरचा ताण कमी, हे यामागचे तत्त्व आहे.

त्यानंतर वरच्या बाजूला वाळूच्या पोत्यांचा तात्पुरता बांध घालून ओढ्याचे पाणी पाइपातून कामाच्या जागेला वळसा घालत खाली सोडतात. उतार पुरेसा असेल तर पाणी आपोआप जाते, नसेल तर पंप लावावा लागतो. पंपाच्या तोंडावर जाळी हवीच. ओढ्यात नुकती बाहेर पडलेली पिले असतील, तर जाळीचे भोक साधारण २.४ मिलिमीटरहून मोठे चालत नाही. पंपाची ओढही इतकी मंद ठेवतात, की पिलू जाळीला चिकटणार नाही. बांधाखालच्या ओढ्यात पाणी अखंड वाहत राहावे लागते, नाहीतर कामाची जागा वाचेल आणि खालचा सगळा टप्पा सुकेल.

बंद केलेल्या टप्प्यातले पाणी एकदम काढत नाहीत. पातळी सावकाश उतरू लागली, की मासे उरलेल्या खळग्यांत गोळा होतात आणि हातजाळीने उचलता येतात. दगडांखाली दडून राहिलेल्यांसाठी शेवटचा उपाय म्हणून सौम्य वीजप्रवाह वापरतात. मासा क्षणभर बधिर होतो, तेवढ्यात त्याला उचलून घ्यायचे असते. यासाठीचे नियम कडक आहेत. प्रवाह एकदिशच असावा लागतो आणि पाणी १८ अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर हा उपाय वापरायचा नाही, कारण गरम पाण्यात मासा आधीच दमलेला असतो. पकडलेले मासे सावलीतल्या बादल्यांत ठेवून त्यांना हवा पुरवतात. मोठे मासे लहानांना खाऊ नयेत म्हणून ते वेगळे ठेवतात आणि सगळ्यांना लवकरात लवकर सुरक्षित जागी सोडून देतात.

यात सहज नजरेतून निसटणारा जीव म्हणजे लँप्री. ईलसारखा दिसणारा हा प्राचीन वंशातला, जबडा नसलेला मासा. त्याच्या अळ्या कित्येक वर्षे गाळात रुतून राहतात. पात्र कोरडे होऊन बराच वेळ गेल्यावर त्या मातीतून वर येतात, तेव्हा माणसे आपले काम संपले असे समजून निघून गेलेली असतात. म्हणून आता अनुभवी चमू पाणी उतरल्यानंतरही थांबतो आणि ओला गाळ पुन्हा पुन्हा तपासतो. गोड्या पाण्यातले शिंपलेही असेच हाताने वेचून हलवावे लागतात. पश्चिम अमेरिकेतली मोत्याच्या शिंपल्यांची एक जात शंभर वर्षांपर्यंत जगू शकते. तिथे एका बेफिकीर दिवसात शतकभराची वस्ती संपू शकते.

गाळ, सिमेंट, आवाज

माशाला सर्वांत मोठा धोका असतो तो गाळाचा. उकरलेली माती पाण्यात मिसळली, की ती खाली जाऊन गोट्यांच्या फटींत बसते. अंड्यांपर्यंत पोहोचणारे पाणी अडते आणि अंडी गुदमरतात. माशांचे खाद्य असलेले कीटकही याच फटींत राहतात, तेही संपतात. म्हणून कामाच्या जागेतले गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता दूर गवताळ जमिनीवर पसरवतात. तिथे ते मुरते आणि माती वरच राहते. पाण्याचा गढूळपणा मोजण्याचे एकक एनटीयू हे आहे. वॉशिंग्टनच्या नियमानुसार ओढ्याचा मूळ गढूळपणा ५० एनटीयूपर्यंत असेल, तर कामामुळे त्यात ५ एनटीयूहून अधिक भर पडता कामा नये. ही भर नुसत्या डोळ्यांना नीटशी कळत नाही, म्हणून कामाच्या वर आणि खाली यंत्राने मोजणी चालू ठेवतात.

दुसरा धोका ओल्या काँक्रीटचा. त्याच्या पाण्याचा सामू १२ ते १३ असतो, म्हणजे ते अत्यंत अल्कधर्मी असते आणि माशांच्या कल्ल्यांना भाजून काढते. माशांना सुमारे ६.५ ते ८.५ सामूचे पाणी मानवते. त्यामुळे काँक्रीट ओतताना आणि ते घट्ट होईपर्यंत ओढ्याचे पाणी त्याला लागू देत नाहीत. मिक्सर आणि घमेली धुतलेले पाणी वेगळ्या खड्ड्यात साठवतात. इंधन भरण्याची जागाही पाण्यापासून लांब ठेवतात. जुना पूल पाडताना खाली ताडपत्री किंवा फळ्यांचा मजबूत मंच बांधतात, म्हणजे राडारोडा आणि जुन्या रंगाचे शिसेयुक्त पापुद्रे पाण्यात पडत नाहीत.

तिसरा धोका आवाजाचा, मोठ्या नद्यांवर आणि खाड्यांवर तो विशेष जाणवतो. पायाचे पोलादी खांब, म्हणजे पाइल, घणाने ठोकताना पाण्यातून दाबाची जोरदार लाट जाते. अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या आधाराने ते पाण्यात तरंगण्याचा तोल राखतात. ही पिशवी त्या लाटेने झटक्यात आकसते, फुगते आणि आजूबाजूचे अवयव फाटतात. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या पुलाचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधायचा होता. त्यासाठी २००० साली चाचणी म्हणून अजस्र पाइल ठोकले गेले, तेव्हा मेलेले मासे आढळले. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या संस्थांनी २००८ मध्ये आवाजाच्या मर्यादांवर सहमती केली. घणाच्या एका ठोक्याचा सर्वोच्च दाब २०६ डेसिबलच्या आत असावा, अशी त्यातली एक मर्यादा आहे. पाण्यातले डेसिबल हवेतल्या डेसिबलहून वेगळ्या पायावर मोजतात, म्हणून या आकड्याची रस्त्यावरच्या गोंगाटाशी तुलना होत नाही. उपाय साधा आहे. पाइलभोवती नळ्यांची कडी ठेवून तळापासून हवेचे बुडबुडे सोडायचे. या बुडबुड्यांच्या पडद्यात लाटेचा बराच जोर जिरतो. जमीन साथ देत असेल, तर घणाऐवजी कंपनाने पाइल आत घालतात किंवा आधी भोक पाडून मग काँक्रीट भरतात.

पंचाहत्तर वर्षांसाठी मिळणारी संधी

आतापर्यंत सांगितलेले सगळे उपाय नुकसान टाळण्याचे आहेत. खरे दान ओढ्याच्या पदरात पडते ते नव्या पुलाच्या रुंदीमुळे. अमेरिकेत पूल साधारणपणे ७५ वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून आखतात. बांधकामाचा त्रास काही आठवड्यांचा असतो, पण रुंदी चुकली तर त्या चुकीची शिक्षा ओढा पुढची ७५ वर्षे भोगतो. उलट जुन्या पुलाने आवळलेले पात्र नव्या पुलाने मोकळे केले, तर माशांच्या कित्येक पिढ्यांना त्याचा लाभ होतो.

वॉशिंग्टनमधला एक प्रचलित हिशेब असा आहे. दरवर्षी किंवा एक-दोन वर्षांतून येणाऱ्या नेहमीच्या पुरात ओढा काठोकाठ भरतो, त्या वेळची रुंदी मोजायची. तिची १.२ पट करायची आणि त्यात दोन फूट मिळवायचे. ओढा दहा फूट रुंद असेल, तर मोरीच्या आत चौदा फुटांचे पात्र हवे. या पात्राला काँक्रीटचा तळ नसतो. वरच्या-खालच्या पात्रात असतात तशाच आकाराचे गोटे, वाळू आणि मोठे धोंडे आत रचतात, उतारही तसाच ठेवतात. बारीक माती पाण्याने फटींत बसवून घेतात, नाहीतर पाणी गोट्यांखाली मुरून नाहीसे होते आणि वरचे पात्र कोरडे पडते. कामासाठी तोडावी लागलेली झाडे फेकून देत नाहीत. त्यांचे मुळांसकट बुंधे ओढ्यात पक्के बसवतात. त्यांच्या आडोशाला डोह तयार होतात आणि पिलांना लपायला जागा मिळते. काठावर पुन्हा स्थानिक झाडे लावतात, कारण सावली नसेल तर पाणी तापते. शेवटी ओढ्याचे पाणी नव्या पात्रात परत येते तेही थोडे थोडे करून. पहिले गढूळ पाणी उपसून जमिनीवर टाकतात आणि पाणी नितळले की बांध काढून घेतात.

यात रस्त्याचाही फायदा आहे. रुंद पुलाखालून पुराबरोबर ओंडके आणि दगड निघून जातात. अरुंद मोरी तुंबते आणि भराव वाहून जातो. माशासाठी मोकळे केलेले पात्र पुरात रस्ताही वाचवते.

पूल पूर्ण झाल्यावरही एक बाब शिल्लक राहते. पावसाचे पाणी पुलावरची घाण घेऊन खाली पडते. अंडी घालायला शहरी ओढ्यांत परतलेले कोहो पावसानंतर काही तासांत तडफडून मरत, याचे कारण अनेक वर्षे सापडत नव्हते. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी ते शोधले. टायरमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेल्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन एक विष तयार होत होते. हे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतले, तर मासे वाचतात, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून पुलावरचे पाणी भोकांतून थेट ओढ्यात न सोडता काठावरच्या अशा मातीत नेणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या पऱ्ह्या-ओढ्यांसाठी

सह्याद्रीतून उतरणाऱ्या ओढ्यांत सॅमन नाही, पण चढणारे मासे आहेत. मृगाचा पाऊस कोसळला, की नदीतले मासे पऱ्ह्यांतून आणि ओढ्यांतून वर चढत थेट भातखाचरांपर्यंत पोहोचतात आणि अंडी घालतात. रायगड-ठाण्याकडे त्याला वलगण म्हणतात, दक्षिणेकडे चढणीचे मासे. अहिर मासा याच्या उलट, अंडी घालायला नदीतून समुद्रात जातो. महसीर, म्हणजे आपला खडस, स्वच्छ गोट्या-वाळूच्या पात्रावर अंडी घालतो. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरच्या तिळसे इथे गावकऱ्यांनी देवाचे मासे म्हणून महसीर पिढ्यानपिढ्या राखले आहेत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि कितीतरी माणसांचे प्राण गेले. जुने पूल वेळेवर बदलणे किती तातडीचे आहे, हे त्या रात्री साऱ्या महाराष्ट्राला कळले. पूल बदलायलाच हवेत. ते बदलताना त्याच खोऱ्यातले जीव राखणे अशक्य नाही, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी महागडे यंत्रही लागत नाही.

आपल्याकडे पुलांची कामे पावसाळ्यानंतर सुरू होतात. वलगणीच्या दृष्टीने ही वेळ आपोआपच चांगली साधते. धोका असतो हंगामाच्या शेवटी. वाहतुकीसाठी पात्रात मुरूम टाकून आणि ह्यूम पाइप बसवून केलेला वळणरस्ता जूनपर्यंत तसाच राहिला, तर पहिल्या पुरात तो मुरूम खालच्या डोहांत आणि गोट्यांत जाऊन बसतो, तोही नेमका मासे चढायच्या दिवसांत. दुसरा धोका फेब्रुवारी ते मे या काळातला. ओढा वाहायचा थांबला, की पुढच्या पावसाळ्याचे सगळे बीज डोहांत असते. काँक्रीटला पाणी मारण्यासाठी त्यातला एक डोह उपसला, तर तिथले बीज त्याच वर्षी संपते. तिसरा धोका मोरीच्या रचनेत आहे. उंचावर बसवलेला पाइप आणि त्यापुढचा काँक्रीटचा तळ चढणीच्या माशाला वॉशिंग्टनइतकाच इथेही अडवतो.

कोणत्या डोहात मे महिन्यात मासा उरतो, वलगण कुठून चढते, हे गावातल्या जाणत्यांना आणि ओढ्यावर उपजीविका असलेल्या कातकरी कुटुंबांना तोंडपाठ असते. सर्वेक्षणाच्या दिवशी त्यांना बरोबर घेतले, तर आराखड्यात बरेच काही वेळेत बदलता येईल.

मात्र ही माहिती सद्भावनेवर सोडून चालणार नाही. वॉशिंग्टनमध्ये मासे हलवणे, पाणी वळवणे, गढूळपणा मोजणे ही कामे करारात लिहिलेली असतात आणि त्यांचे पैसे ठेकेदाराला मिळतात. आपल्या पुलांच्या निविदांतही तशा नोंदी हव्यात. वळणरस्त्याचा मुरूम ३१ मेपूर्वी पात्राबाहेर काढणे, ठरवून दिलेल्या डोहांतून पाणी न उपसणे, पंपाला जाळी बसवणे, मोरीचा तळ पात्राच्या पातळीखाली घेऊन त्यावर नैसर्गिक गोटे पसरणे, राडारोडा पूर्ण उचलल्यावरच शेवटचे देयक मंजूर करणे. या प्रत्येक नोंदीसमोर दर असावा, मोजमाप असावे आणि तपासणाऱ्याची सही असावी. निविदेत जे लिहिलेले असते, तेच कामावर उतरते. ओढ्याचे हक्कही तिथेच लिहिले गेले पाहिजेत.